जाग न टिकण्याचा आजार

खानदेशात कुणी दिवसा पेंगत असेल तर त्याला कोणी कारण विचारत नाही. सगळ्यांना कारण ठाऊकच असतं. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. तेव्हा यावल-रावेरचा केळी पिकवणारा शेतकरी हातात बॅटरी घेऊन मळ्यात जातो, मोटार चालू करतो, लाईट गेली की पुन्हा येण्याची वाट बघतो आणि पहाटे घरी परततो. भुसावळचे लोको पायलट वेळी-अवेळी ड्युटीवर निघतात. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात आणि जळगावच्या एमआयडीसीत पाळ्या चालतात. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात आणि त्यांवरच्या ट्रकचालकांची रात्र स्टिअरिंगमागे सरते. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दुपारी अख्खं गाव आडवं होतं. अशा मुलखात पेंगणारा माणूस म्हणजे थकलेला माणूस, एवढाच अर्थ लावला जातो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो.

पण या थकलेल्यांच्या गर्दीत काही जण असे असतात की ज्यांनी रात्री सात-आठ तास झोप घेतलेली असते, शेतावर पाणी भरायला गेलेले नसतात, कामाची पाळीही नसते, आणि तरी सकाळी दहाला वर्गात, दुकानाच्या गल्ल्यावर, जेवताना हातात घास असताना त्यांचे डोळे मिटतात. त्यांच्यातल्या काहींना नार्कोलेप्सी हा मेंदूचा आजार असतो. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतून त्याचं प्रमाण लाख लोकसंख्येला साधारण २५ ते ५० असं निघतं. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर आणि धुळ्याची २० लाखांवर होती. तेच प्रमाण इथे धरलं तर दोन जिल्ह्यांत मिळून दीड ते तीन हजार माणसांना हा आजार असावा. आजार बहुधा दहा ते तीस या वयात सुरू होतो आणि जगभरचा अनुभव असा की लक्षणं दिसू लागल्यापासून नेमकं निदान होईपर्यंत आठ ते पंधरा वर्षं निघून जातात. दहावी, बारावी, नोकरीची भरती, लग्न हे सगळं त्याच वर्षांत येतं. त्या काळात त्या मुलाला जी नावं ठेवली जातात, ‘आळशी’, ‘कुंभकर्ण’, ‘अभ्यासाचा कंटाळा’, त्यांची भरपाई पुढे कोणतंही औषध करू शकत नाही.

या आजाराला नाव दिलं फ्रान्समधल्या झां-बाप्तिस्त-एदुआर जेलिनो या डॉक्टरांनी, १८८० साली. त्यांचा रुग्ण ३८ वर्षांचा, दारूच्या पिंपांचा व्यापारी होता. त्याला दिवसातून कितीतरी वेळा, कधी कधी दोनशे वेळा, झोपेचे झटके येत. जेलिनोंनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती. हा माणूस मोठ्याने हसला, किंवा चांगला सौदा जमणार असं दिसू लागलं की त्याचे पाय लटपटत. पत्ते खेळताना हातात चांगली पानं आली की त्याला हात हलवता येत नसे. झोप आणि हसू यांचा संबंध काय, हे त्या वेळी कुणालाच सांगता आलं नाही. पण आजाराची खरी खूण तीच होती आणि आजही तीच आहे.

या लक्षणाला कॅटाप्लेक्सी म्हणतात. हसू, आनंद, आश्चर्य, कधी राग, अशी भावना उसळली की स्नायूंतली शक्ती अचानक जाते. सौम्य झटक्यात जबडा लोंबतो, मान पुढे पडते, बोलणं अडखळतं, हातातला कप सुटतो. मोठ्या झटक्यात गुडघे वाकतात आणि माणूस जागच्या जागी खाली बसतो किंवा कोसळतो. हे सगळं काही सेकंदांत, फार तर दोन-तीन मिनिटांत संपतं आणि माणूस उठून पुढचं बोलणं सुरू करतो. लहान मुलांत याचं रूप जरा वेगळं असतं. चेहरा सैल पडतो, पापण्या अर्ध्या मिटतात, जीभ बाहेर येते, आणि घरच्यांना वाटतं की पोर तोंड वाकडं करून दाखवतंय.

हळदीच्या कार्यक्रमात पोरं हसतायत, एकजण हसता हसता खाली पडतो, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. आजूबाजूचे काय करतील? ‘फिट आली’ म्हणून ओरडतील, कुणी कांदा फोडून आणेल, कुणी चप्पल नाकाला लावेल. फरक इथेच आहे. मोठ्या फिटमध्ये शुद्ध हरपते, हातपाय ताठ होऊन झटके देतात, जीभ चावली जाते, कपड्यांत लघवी होते आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला असतो. कॅटाप्लेक्सीत शरीर ताठ होण्याऐवजी सैल पडतं आणि शुद्ध पूर्ण शाबूत असते. पडलेल्या मुलाला सगळं ऐकू येत असतं. त्याला कांद्याचा आणि चपलेचाही वास येत असतो, लोक काय बोलतायत ते कळत असतं, फक्त तोंडातून शब्द काढता येत नाही. अशा मुलाला फिटच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्यांतल्या काही गोळ्यांनी आधीच असलेली झोप आणखी वाढते. म्हणून पडलेल्या माणसाला उठल्यावर दोनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो: पडण्याआधी काय चाललं होतं, आणि पडल्यावर आमचं बोलणं ऐकू येत होतं का?

नार्कोलेप्सीच्या प्रत्येक रुग्णाला कॅटाप्लेक्सी असतेच असं नाही. ती असली तर पहिला प्रकार आणि नसली तर बहुधा दुसरा, अशी विभागणी डॉक्टर करतात. दुसऱ्या प्रकाराचं निदान जास्त अवघड, कारण तिथे दिवसाची झोप हेच एक मोठं लक्षण उरतं.

आजाराचं तिसरं लक्षण रात्रीचं. झोप लागता लागता किंवा जाग येता येता सबंध अंग जखडून जातं. डोळे उघडे, खोली दिसते, पण बोटही हलत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. त्याच वेळी दाराशी कुणी उभं दिसतं, पावलं वाजतात, कुणी हाक मारतं. गावात याला मुंजा बसला, बाहेरचं झालं असं म्हणतात आणि माणसाला भगताकडे नेतात. मला भगताकडे जाणाऱ्यांवर राग काढायचा नाही. ज्याने तो अनुभव घेतलाय त्याच्या लेखी तो अगदी खरा असतो आणि त्याला उत्तर हवं असतं. उत्तर असं, की स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू मुद्दाम बंद ठेवतो, म्हणजे स्वप्नात धावणारा माणूस खाटेवरून खरोखर उठून धावत नाही. तो बंदोबस्त कधी कधी जाग आल्यावरही काही क्षण चालू राहतो आणि स्वप्नाची चित्रं उघड्या डोळ्यांसमोर तरंगत राहतात. निरोगी माणसांतही शंभरातल्या सुमारे आठ जणांना आयुष्यात एकदा तरी असा अनुभव येतो. जागरण झालं, उताणं झोपलं की तो जास्त येतो. म्हणून नुसतं अंग जखडणं म्हणजे नार्कोलेप्सी असं समजून कुणी घाबरू नये. त्याच्या जोडीला दिवसाची अनावर झोप असेल तर मात्र दखल घ्यायला हवी.

ही सगळी लक्षणं एकाच धाग्यातली आहेत, हे कळण्याची वाट १९५३ साली मोकळी झाली. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतला एक निराळा टप्पा शोधला. त्यात बुबुळं पापण्यांखाली भराभर हलतात आणि माणूस स्वप्नं पाहतो. त्याला रेम झोप म्हणतात. सर्वसाधारण माणसाला झोप लागल्यावर तासाभराने, दीड तासाने ती येते. नार्कोलेप्सीच्या रुग्णाला मात्र ती पुष्कळदा पंधरा मिनिटांच्या आत, कधी कधी डोळा लागताच येते. जाग आणि स्वप्न यांच्यामधल्या दाराची कडीच निघालेली असते. हसण्याच्या एका झुळकीनेही ते दार उघडतं. स्वप्नझोपेतलं स्नायूंचं सैल पडणं जागेपणी आलं की कॅटाप्लेक्सी होते आणि स्वप्नातली चित्रं जागेपणी आली की भास होतात.

ती कडी म्हणजे मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात असलेल्या थोड्याशा पेशी. त्या हायपोक्रेटिन नावाचं रसायन बनवतात. त्यालाच ओरेक्सिन असंही म्हणतात, कारण १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी ते जवळजवळ एकाच वेळी शोधलं आणि आपापली नावं दिली. त्याचा झोपेशी संबंध आहे, हे मात्र कुत्र्यांमुळे कळलं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात कित्येक वर्षं डॉबरमन आणि लॅब्राडोर जातीचे नार्कोलेप्सी असलेले कुत्रे सांभाळले जात होते. पुढ्यात आवडतं खाणं आलं की ते आनंदाने कोसळत. १९९९ साली एमॅन्युएल मिन्यो यांच्या गटाने दाखवलं की या कुत्र्यांच्या पेशींना हायपोक्रेटिनचा संदेश घेताच येत नाही. त्याच वर्षी मासाशी यानागिसावा यांच्या गटाला हे रसायन नसलेल्या उंदरांत तशीच लक्षणं दिसली. पुढच्याच वर्षी, २००० साली, मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले गेले. निरोगी मेंदूत सुमारे सत्तर हजार असणाऱ्या या पेशींपैकी ८५ ते ९५ टक्के पेशी रुग्णांच्या मेंदूत नाहीशा झालेल्या होत्या. मेंदूत अब्जावधी पेशी असतात. त्यांतल्या एवढ्याशा गेल्या आणि माणसाचं आयुष्य पालटलं.

या पेशी का जातात? शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून त्यांच्यावर उलटते, असा आजचा सर्वांत भक्कम अंदाज आहे. पहिल्या प्रकारच्या रुग्णांपैकी दहातल्या नऊहून अधिक जणांत प्रतिकारशक्तीशी निगडित असा एक ठरावीक जनुक आढळतो. पण हा जनुक कितीतरी निरोगी लोकांतही असतो, म्हणजे नुसत्या त्याने आजार होत नाही. वरून काहीतरी ठिणगी पडावी लागते. २००९-१० च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर चीनमध्ये मुलांमधल्या नव्या रुग्णांची संख्या सुमारे तिप्पट झाली आणि त्यांतल्या बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती. त्याच काळात फिनलंड आणि स्वीडनमध्ये पॅन्डेमरिक्स नावाच्या एका विशिष्ट लशीनंतर मुलांत हा आजार वाढला. युरोपात वापरलेली ती लस पुढे वापरातून गेली. वधू-वरांच्या घरी हमखास निघणारा प्रश्न म्हणजे आनुवंशिकतेचा. आई किंवा वडिलांना हा आजार असला तरी मुलाला तो होण्याची शक्यता शेकडा एक-दोन एवढीच असते.

आता इतर आजारांकडे. दिवसा झोप येणाऱ्यांत सर्वांत जास्त आढळणारा आजार नार्कोलेप्सीच्या कित्येक पट मोठा आहे आणि त्याची खूण शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू जाते. घोरणाऱ्या माणसाचा घसा झोपेत मिटतो, श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, पुन्हा घोरणं सुरू. तासात कितीतरी वेळा हे घडतं आणि स्वतः माणसाला त्याचा पत्ता नसतो, बायकोला असतो. हा स्लीप अ‍ॅप्निया. सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, रात्री लघवीला उठावं लागणं, आटोक्यात न येणारा रक्तदाब, जाड मान, मधुमेह ही त्याची सोबत. नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र रात्री वापरलं की यातले पुष्कळ जण दिवसा पुन्हा ताजेतवाने होतात.

दोघांतला फरक दुपारच्या डुलकीत दिसतो. नार्कोलेप्सीचा रुग्ण पंधरा-वीस मिनिटं झोपला की टवटवीत उठतो. ती टवटवी तास-दोन तास टिकते आणि मग पुन्हा तेच. अ‍ॅप्नियाच्या रुग्णाला दुपारच्या झोपेने सहसा बरं वाटत नाही. आणखी एक आजार आहे, कारण न सापडणाऱ्या अतिझोपेचा. त्यातला माणूस रात्री दहा-बारा तास झोपतो, दुपारी तासन्‌तास झोपतो, गजर ऐकू येत नाही, हलवून उठवलं तर गुंगीत बरळतो आणि तरी ताजा होत नाही. नार्कोलेप्सीत उलट चोवीस तासांतली एकूण झोप साधारण चारचौघांएवढीच भरते, फक्त ती दिवसरात्र तुकड्यांत विखुरलेली असते. ही गोष्ट घरच्यांना पटवणं फार गरजेचं आहे. तो मुलगा जास्त झोपत नाही, त्याची जाग टिकत नाही. रात्रीही त्याची झोप वारंवार मोडते, म्हणून कित्येकदा त्याला निद्रानाश ठरवून झोपेच्या गोळ्या दिल्या जातात.

रात्री पायांत मुंग्या, ओढ, अस्वस्थपणा आणि पाय हलवले की बरं वाटणं, हा अस्वस्थ पायांचा आजार. रक्तातलं लोह कमी असलेल्या बायकांमध्ये तो पुष्कळ दिसतो आणि लोह भरून काढल्यावर बऱ्याच जणींना आराम पडतो. थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य, सर्दीच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्या, दारू हीही सुस्तीची नेहमीची कारणं. कुमारवयीन मुलांमध्ये क्वचित क्लाइन-लेव्हिन नावाचा प्रकार आढळतो: मुलगा काही दिवस, काही आठवडे जवळजवळ सतत झोपतो, मग महिनोन्‌महिने अगदी नीट असतो.

आणि सर्वांत सामान्य कारण म्हणजे झोपच पुरेशी न मिळणं. ते किती जबर असतं हे आपल्या वाटेवरच दिसलं आहे. लॉकडाऊनमध्ये भुसावळला गाडी गाठायला जालन्याहून रात्री पायी निघालेले मध्य प्रदेशातले मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर टेकले, तिथेच त्यांना झोप लागली आणि मालगाडीखाली १६ जणांचा जीव गेला. त्या माणसांना कोणताही आजार नव्हता. थकव्याने ओढलेली झोप लोखंडावरही लागते. म्हणून रात्री पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला नार्कोलेप्सी आहे का, असं विचारण्याआधी त्याला दोन आठवडे रोज पुरेशी झोप मिळू द्यायला हवी. त्याने झोप ओसरली तर प्रश्न विजेच्या वेळापत्रकाचा आहे. इलाजही तिथेच करायला हवा. गोळीने तो होणार नाही.

मोजायचं कसं? १९९१ साली ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स यांनी तयार केलेली एपवर्थ प्रश्नावली जगभर वापरतात. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन, एकूण २४ गुण. दहाच्या वर गेलं तर तपासणी हवी. धुळ्याहून जळगावला एसटीत बसलो आणि डोळा लागला यात विशेष काही नाही. समोरासमोर बसून कुणाशी बोलताना डोळा लागला तर विशेष आहे.

पक्कं निदान झोपेच्या प्रयोगशाळेत होतं. पहिली रात्र अंगाला तारा लावून झोपायचं, म्हणजे मेंदूच्या लहरी, श्वास, प्राणवायू, पायांच्या हालचाली नोंदवल्या जातात आणि अ‍ॅप्निया आहे की नाही ते कळतं. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी अशा चार-पाच डुलक्या घ्यायला लावतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि त्यांतल्या दोनदा लगेच स्वप्नझोप आली तर निदान नार्कोलेप्सीकडे झुकतं. रात्रीची तपासणी आता पुष्कळ ठिकाणी होते, घोरण्यासाठी तर घरीही यंत्र देतात. डुलक्यांची तपासणी मात्र मोजक्याच ठिकाणी होते. म्हणून पुणे-मुंबईची वाट धरण्याआधी ‘दुसऱ्या दिवशीची तपासणी तुमच्याकडे होते का’ हे फोन करून विचारावं. जागरणं चालू असताना किंवा नैराश्याच्या गोळ्या सुरू असताना ही तपासणी फसवा निकाल देऊ शकते. गोळ्या थांबवायच्या तर त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

गेलेल्या पेशी परत आणणारं औषध अजून नाही. पण आजार आटोक्यात ठेवता येतो आणि माणूस शिकू शकतो, कमावू शकतो, संसार करू शकतो. मोडाफिनिल किंवा मिथाइलफेनिडेट दिवसाची जाग टिकवायला मदत करतात. व्हेन्लाफॅक्सिनसारखी नैराश्यावरची काही औषधं कॅटाप्लेक्सी कमी करतात. ती एकाएकी बंद केली तर झटके उसळून येतात, म्हणून मनाने थांबवू नयेत. बायकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. मोडाफिनिल सुरू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, तेव्हा दुसरा उपाय डॉक्टरांना विचारून घ्यावा. हायपोक्रेटिनचं काम थेट करतील अशा गोळ्यांवर परदेशात मोठ्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचे निकाल आशा वाढवणारे आहेत.

औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट फुकट आहे: ठरलेल्या वेळी घेतलेली पंधरा-वीस मिनिटांची डुलकी. शाळेच्या मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एक बाक दिला तरी त्या मुलाचे पुढचे दोन तास वाचतात. दुपारचं जेवण हलकं, रात्री झोपायची आणि सकाळी उठायची वेळ रोज तीच. विहिरीच्या काठावर, कडबाकुट्टीवर, मळणीयंत्रावर एकट्याने काम नको, तापीत पोहायला एकट्याने जाणं नको. उपचाराने झोप आणि कॅटाप्लेक्सी काबूत आली आहे असं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मोटारसायकलही नको. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या फॉर्म १ मध्ये फेफरं आणि अचानक शुद्ध हरपणं विचारलेलं असतं. झोपेच्या आजाराचा वेगळा प्रश्न त्यात नाही. तो असायला हवा, असं माझं ठाम मत आहे, विशेषतः ज्यांच्या हातात बस आणि ट्रक असतात त्यांच्यासाठी.

घरात असं कुणी असेल तर धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन ओपीडीपासून, नाहीतर मेंदूविकारतज्ज्ञापासून सुरुवात करा. जाताना दोन गोष्टी बरोबर न्या. एक, गेल्या दोन आठवड्यांची वही: रोज कधी झोपला, कधी उठला, दिवसा कधी आणि किती वेळ डोळा लागला. दुसरी, हसताना मान पडते किंवा गुडघे वाकतात त्या वेळी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. डॉक्टरांसमोर झटका येईलच असं नाही, पण तो पंधरा सेकंदांचा व्हिडिओ कित्येक वर्षांची भटकंती वाचवू शकतो.